आपलं आपण, की माणूस बोलावू?

दिवाळी महिन्याभरावर आली की घराघरात एक वाद हमखास सुरू होतो. नळ गळतोय, बाल्कनीच्या भिंतीला पोपडे आलेत, हॉलमधला पंखा कुरकुरतोय. एक पार्टी म्हणते, "एवढ्याशा कामाला माणूस कशाला? मी करतो रविवारी." दुसरी म्हणते, "मागचे चार रविवार असेच गेले. बोलवा सरळ प्लंबरला." (कोण कुठल्या पार्टीत असतं ते सांगायला नकोच!)

या वादात साधारण दोनच मुद्दे निघतात. पैसे किती वाचतील, आणि आपल्याला जमेल का. माझ्या मते दोन्ही दुय्यम. जमणं सवयीने येतं. आणि पैशाचं गणित गावागणिक बदलतं. अमेरिकेतले आपले नातेवाईक स्वतः भिंती रंगवतात, ते सगळेच काही हौशी नसतात. तिथे कारागिराच्या तासाचा भाव असा असतो की हात आपोआप ब्रशकडे वळतो. इथे कारागीर परवडतो, म्हणून कित्येक घरांत धड पानासुद्धा सापडत नाही. म्हणजे दोन्हीकडे निर्णय बाजारभाव घेतो आणि आपण नुसती मान डोलावतो.

मी स्वतःपुरता एक वेगळा प्रश्न ठरवून टाकलाय. हे काम चुकलं तर चूक दिसेल का? आणि दिसेपर्यंत तिची किंमत कोण मोजेल?

नळाचंच घ्या. वॉशर (म्हणजे आपला वायसर हो!) बदलायचा, तर आधी पाण्याचा कॉक बंद करायचा, पान्याने नळ उघडायचा, नवा वॉशर बसवायचा. चुकलं तर नळ टपटपत राहील. पाच मिनिटांत कळेल, पुन्हा उघडता येईल. हे काम घरातल्या सातवीतल्या मुलीनेसुद्धा करावं. पण तोच नळ ज्या पाइपला जोडलाय तो भिंतीच्या पोटात असतो. तिथला एखादा जोड कच्चा राहिला तर आपल्याला पत्ताच लागत नाही. पत्ता लागतो खालच्या मजल्यावरच्या काकूंना, त्यांच्या छताला ओल आली की, आणि तोवर कित्येक महिने गेलेले असतात. म्हणून बाथरूम उकरायची असेल तर जाणता माणूस बोलवावा. शिवाय वॉटरप्रूफिंग झाल्यावर, फरशी बसवण्याआधी, २४ तास (शक्यतो ४८) पाणी भरून ठेवायला लावावं आणि स्वतः खाली जाऊन छत बघून यावं.

विजेचं तर याहून स्पष्ट आहे. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टला जवळजवळ ९ अँपियर प्रवाह ओढतो. तो ६ अँपियरच्या साध्या सॉकेटवर लावला तरी पाणी छान तापतं. अर्थिंगची तार जोडलीच नाही तरीही तापतं! हीच तर गोम आहे. बल्ब चुकीचा बसवला तर तो पेटत नाही, संपला विषय. गिझर चुकीचा बसवला तर तो रोज बिनतक्रार चालतो. मग एक दिवस आतलं कॉइल बिघडतं आणि अंगावर पाणी घेणाऱ्याला ती राहून गेलेली तार कळते.

गंमत म्हणजे ही रेघ कायद्याने फार पूर्वीच आखून ठेवली आहे. १९५६ च्या भारतीय वीज नियमांतला ४५ वा नियम सांगायचा की विजेचं काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घ्यावं. त्यातून बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच आणि २५० व्होल्टपर्यंतची घरगुती उपकरणं बदलण्याला सूट होती, पण त्या बदलाने मूळ जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये. २०१० च्या नव्या विनियमांतही हीच वाटणी कायम राहिली. किती शहाणपणाची वाटणी आहे बघा. आहे तसं बदलायचं असेल तर तुम्ही करा. अर्थात मेन स्विच बंद करूनच, आणि टेस्टरने खात्री करून. पण नवी लाइन टाकायची, भार वाढवायचा, तर जाणत्याला बोलवा. आणि तो आलाच आहे तर ३० मिलिअँपियरचं आरसीसीबी बसवलंय का, एवढं विचारून घ्या.

रंगकाम मात्र मनसोक्त स्वतः करावं असं माझं मत. लांबी भरा, पॉलिश पेपरने घासा, प्रायमर मारा, वर दोन हात रंगाचे. ओघळ आला तर दिसतो आणि पुसता येतो. फार तर पाहुणे हसतील. इथेही एक न दिसणारी गोष्ट आहेच. घरगुती रंगांतल्या शिशाला ९० पीपीएमची मर्यादा घालणारे नियम आपल्याकडे २०१६ मध्ये झाले आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. तेव्हा जुन्या भिंती, दारं-खिडक्या कोरड्या घासू नयेत, ओल्या करून घासाव्यात, आणि लहान मुलांना तेवढे दिवस आजीकडे पाठवावं. (आजी खूश, मुलं खूश.)

आता दुसऱ्या पार्टीचा समाचार घेतो. माणूस बोलावला की आपली जबाबदारी संपली, असं तिला वाटतं. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरला एक चार मजली इमारत कोसळली आणि १७ माणसं गेली. तळमजल्यावर नूतनीकरणाचं काम चालू होतं, आणि त्यात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. ते काही कोणी रविवारी हौस म्हणून करत नव्हतं. तेव्हा हॉल मोठा करायला "ही भिंत काढून टाकू, काही होत नाही" असं कोणीही म्हणालं, तर पुढचा फोन स्ट्रक्चरल इंजिनिअरला. भिंत फोडण्यात गवंड्याचा हात कितीही बसलेला असो, ती भिंत काढावी का हा प्रश्न त्याचा नाही. कारण ती चूक वरच्या सगळ्या मजल्यांना भोवते.

आणि चुकीची किंमत कधीकधी तो बोलावलेला माणूसच मोजतो. पाचव्या मजल्याच्या खिडकीबाहेर उभं राहून ग्रिल रंगवायची आपल्याला भीती वाटते, म्हणून आपण रंगारी बोलावतो. मग त्याच्या कमरेला पट्टा आहे का, परांची नीट बांधली आहे का, हे बघायला नको? पट्ट्याचे पैसे वाचवून आपण त्याचा जीव पणाला लावतो, आणि वर "काम स्वस्तात झालं" असंही सांगतो. सेप्टिक टँकचं तर विचारूच नका. त्यात माणूस उतरवून सफाई करून घ्यायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरी माणसं उतरवली जातात आणि आतल्या वायूने गुदमरून जातात. हे काम आपणही करायचं नाही आणि माणसालाही सांगायचं नाही. यंत्र बोलवायचं, पैसे जास्त पडले तरी.

"सगळं आपणच केलं तर गरिबाच्या पोटावर पाय नाही का?" असं एक मावशी नेहमी विचारते. प्रश्न रास्त आहे. पण वायसर बदलायला आलेल्या प्लंबरशी दहा-वीस रुपयांवरून घासाघीस करण्यापेक्षा तो आपण बदलावा, आणि बाथरूमच्या कामाला त्याने सांगितलेली मजुरी मुकाट्याने द्यावी. ज्याने चार पाइप स्वतः जोडून पाहिलेत त्याला कारागिराच्या हाताची किंमत कळते. शिवाय काय विचारायचं तेही कळतं, त्यामुळे त्याला कोणी सहज गंडवत नाही.

तर यंदा कामांची यादी करताना ‘सोपं’ आणि ‘अवघड’ असे दोन रकाने पाडू नका. ‘चुकलं तर लगेच दिसेल’ आणि ‘चुकलं तर दिसणार नाही’ असे पाडा. पहिल्या रकान्यातलं सगळं रविवारी घरच्यांनी वाटून घ्या. दुसऱ्यासाठी चांगला माणूस शोधा, त्याला पुरेसे पैसे द्या, आणि तो काम करत असताना टीव्ही बंद करून शेजारी उभे राहा. चहा द्यायला विसरू नका.