लसूण सोलत बसा!

मैत्रिणींनो, पोराने कॉम्प्युटर उघडला की 'झालं, आता अभ्यास बोंबलला' असं आपल्याला वाटतं ना? मलाही वाटायचं. पण मे महिन्यात आमच्या तिसरीतल्या चिरंजीवांनी फारच भुणभुण लावली, तेव्हा माझ्या भावाने 'जीकाँप्री' नावाचा खेळ घालून दिला. २००० साली एका फ्रेंच गृहस्थाने सुरू केलेला, दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठीचा. फ्रेंचमध्ये 'मला समजलं' म्हणतात, तसा या नावाचा उच्चार आहे म्हणे. पैसे पडत नाहीत आणि मधेमधे जाहिराती नाहीत, हे विशेष! अक्षरं, बेरजा, घड्याळ, बुद्धिबळ, सगळं आहे त्यात.

आमचं घोडं अडलं ते 'हनोईच्या मनोऱ्या'पाशी. हे कोडं १८८३ सालचं, एदुआर ल्युका या गणितज्ञाचं. तीन खांब. एकावर लहानमोठ्या चकत्या, मोठी खाली, लहान वर. सगळा मनोरा शेवटच्या खांबावर न्यायचा. एका वेळी एकच चकती उचलायची आणि लहानीवर मोठी कधी ठेवायची नाही. बस्स, एवढंच.

पोरगा अडला की मी लगेच बोट दाखवायची. "अरे, ती नको, ही!" पाच मिनिटांत मनोरा तयार, टाळ्या! दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. "आई, आता कुठली?" माझ्या लक्षात आलं, हल्ली वहीतलं गणितही तो पुरतं वाचत नाही, आधी माझ्या तोंडाकडे बघतो. रागावले, तर रडत म्हणाला, "मला येतच नाही." ऐकून पोटात कालवलं. शाळेत दुसऱ्यांच्या मुलांना 'स्वतः करा' म्हणून सांगणारी मी, आणि घरी हे!

मग कॉम्प्युटर बंद केला. स्वयंपाकघरात तीन ताटल्या मांडल्या, उतरंडीतले तीन डबे दिले आणि मी लसूण सोलायला घेतला. (हात गुंतलेले हवेत, बरं का! नाहीतर बोट जातंच पुढे.) कमीत कमी सात खेळ्यांत होतं ते. त्याला पहिल्यांदा अकरा लागल्या. मी गप्प. लसूण संपला तेव्हा आलं किसायला घेतलं. चौथ्या-पाचव्या वेळी तोच म्हणाला, "आई, खालचा मोठा डबा हलवायचा तर बाकीचे सगळे मधल्या ताटलीत हवेत!" अहो, सगळी मेख तिथेच आहे! चार डबे असतील तर वरचे तीन मधे न्यायला सात खेळ्या, मोठ्याची एक, पुन्हा ते तीन त्याच्यावर आणायला सात, मिळून पंधरा. हा हिशेब मात्र मी सांगितला नाही. जिभेवर आला होता, गिळला.

तुम्ही करून बघणार असाल तर तीन डबे बिनचूक जमल्याशिवाय चौथा देऊ नका. रिकामेच द्या, आमच्याकडे एकदा साखर सांडून मुंग्या झाल्या. मूल लहान असेल तर त्याच खेळात सोपा मनोराही आहे, तिथून सुरुवात करा. आणि एका बैठकीला वीस-पंचवीस मिनिटं पुरेत, पुढे नुसती चिडचिड होते.

आता स्वारी पाच डब्यांवर आहे. एकतीस खेळ्या लागतात, ते त्याने स्वतः काढलंय, भिंतीवर पेन्सिलीने लिहूनही ठेवलंय. माझा तूरडाळीचा डबा काही अजून परत मिळालेला नाही. डाळ पातेल्यात आहे.