नदीच्या तळाशी चरितार्थ

छंदाने पोट भरत नाही, असे आपले वडीलधारे सांगत आले. अमेरिकेच्या दक्षिणेकडील काही हौशी पाणबुड्यांनी मात्र ते खोटे ठरविले आहे. सुटीच्या दिवशी नदीत बुडी मारावी, सहलीस आलेल्यांच्या हातून निसटलेल्या अंगठ्या, चष्मे, भ्रमणध्वनी वर काढावेत आणि जमल्यास मालकास परत करावेत, एवढाच हा उद्योग. पुढे त्यांनी सोबत कॅमेरा नेला व हा शोध यूट्यूबवर दाखविण्यास आरंभ केला. जॉर्जिया राज्यातील चॅटाहूची नदीत बुड्या मारून नाव कमावलेल्या जेक केलर याच्या वाहिनीचे सदस्य एक कोटीहून अधिक आहेत.

यात धन ते कोठले, असे आपण विचाराल. सापडलेल्या अंगठीला फारसे मोल येत नाही. प्राप्ती होते ती जाहिरातींतून. मोठ्या चित्रफितीवरील जाहिरातींच्या उत्पन्नाचा ५५ टक्के वाटा निर्मात्यास मिळतो. त्यासाठी सर्वसाधारणपणे आधी १००० सदस्य जमावे लागतात आणि वर्षभरात ४००० तास चित्रफिती पाहिल्या जाव्या लागतात. तोवर हवेची टाकी, पोशाख, होडी हा सारा खर्च पदरचाच!

याच राज्यातील जेरेमी साइड्स याची हकीकत निराळी आहे. हरवलेल्या वस्तू शोधता शोधता तो हरवलेल्या माणसांच्या शोधाकडे वळला. टेनेसीतील स्पार्टा गावची दोन किशोरवयीन मुले एप्रिल २००० मध्ये मोटारीतून निघाली, ती परतलीच नाहीत. गावात नाना तर्क झाले. २०२१ च्या अखेरीस साइड्सने काफकिलर नदीत होडीतून सोनार यंत्र फिरविले. ध्वनिलहरींनी उमटविलेल्या चित्रात मोटारीचा आकार दिसला. त्याने बुडी मारून क्रमांकाची पाटी तपासली व शेरीफला कळविले. ती त्याच मुलांची मोटार होती. एकवीस वर्षे दाराकडे डोळे लावून बसलेल्या घरांना अखेर उत्तर मिळाले. ही घटनाही चित्रफीत होऊन लाखोंनी पाहिली. परक्याचे दुःख असे मांडावे काय, हा प्रश्न आम्हांस टोचतो. परंतु चित्रफितींच्या उत्पन्नावाचून असा शोध एकट्या माणसास परवडला असता काय, हेही विचारावे लागते.

आपल्या घरातील कोणी तरुण ही वाट धरू म्हणेल, तर त्याला प्रथम पाण्याची ओळख करून द्या. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. टाकीतील हवा घेऊन श्वास कोंडून वर आल्यास ती प्रसरण पावते आणि फुफ्फुस फाटू शकते. गढूळ नदीत तर हाताशी आलेली मासेमारीची दोरीही दिसत नाही. म्हणून रीतसर शिक्षण हवे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील तारकर्ली येथे त्याची सोय आहे. सोबतीवाचून मात्र पाण्यात उतरू नये.

आणि खरोखरच जुने नाणे हाती लागले तर? १८७८ च्या कायद्यान्वये मातीत दडलेले, दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावे लागते. चित्रफीत प्रसिद्ध करण्याआधी ते पत्र टपालात पडलेले बरे.