लेथला प्रमाणपत्र मिळेल, पण जॉब ‘आऊट’ फिरला तर?

केंद्राच्या अवजड उद्योग मंत्रालयाने २८ ऑगस्ट २०२४ रोजी यंत्रांच्या सुरक्षिततेचा एक आदेश काढला. त्यात मशीन टूल्सही आली. यंत्र आयात केलेलं असो की देशी, बीआयएसचं प्रमाणपत्र हवं, हा त्याचा गाभा. २०२५ मध्ये त्याची मुदत वाढवून १ सप्टेंबर २०२६ केली गेली.

आता छोटा लेथ घेणाऱ्याला वाटेल, शिक्का असला की मशीन चांगलं. इथेच गल्लत होते. हे प्रमाणपत्र सुरक्षिततेचं आहे. तुमचा जॉब किती खरा फिरतो, हे ते सांगत नाही. ते तुम्हालाच बघावं लागतं, आणि कॉलेट लावताना तर नक्कीच.

कॉलेट कशासाठी? तीन जबड्यांच्या चकमध्ये जॉब काढून परत लावला की तो थोडा सरकतो. कॉलेट चहूबाजूंनी सारखं पकडतं, जबड्यांचे डाग पडत नाहीत. एकसारखे पन्नास पिन काढायचे असतील तर फरक लगेच कळतो. मात्र माल ब्राइट बार हवा. काळ्या, खडबडीत सळीला चकच बरा.

‘मिनी लेथ’ म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच मशीनच्या स्पिंडलला एमटी-३ टेपर आणि साधारण २० मिमीचं आरपार भोक असतं. टेपरमध्ये बसणारं कॉलेट होल्डर स्वस्त पडतं, पण मागून ड्रॉबार लावला की भोक बंद. म्हणजे लांब सळी आत घालता येत नाही, प्रत्येक तुकडा आधी कापून घ्या! वारंवार काम असेल तर पुढच्या फ्लँजवर बसणारा ईआर-३२ चक घ्या. तो २० मिमीपर्यंत पकडतो.

डायल लावताना क्रम पाळा. आधी स्पिंडलची नाकाडी, मग कॉलेट चकचा आतला टेपर, शेवटी कॉलेटमधली ग्राइंड केलेली पिन. बरेच जण थेट पिनवर डायल लावतात आणि कॉलेटला दोष देतात. समजा टेपरवरच ०.०३ मिमी आऊट दिसतंय, तर महाग कॉलेट आणूनही उपयोग नाही. बसण्याची जागा पुसा, बर काढा, चक एकेक बोल्ट फिरवून बसवून बघा. सगळ्यात खरा बसेल तिथे खूण करून ठेवा.

कॉलेट लावण्यातही चूक होते. ते आधी तिरकं धरून नटमध्ये ‘कट्’ आवाज येईपर्यंत बसवायचं, मग नट चकवर. १० मिमीचं ईआर-३२ कॉलेट ९ ते १० मिमी पकडतं, १०.२ ची सळी त्यात कोंबू नका. जॉब आखूड असेल तर मागे त्याच व्यासाचा तुकडा घाला, नाहीतर कॉलेट एकाच टोकाला आवळतं. आणि स्पिंडलच्या मागे लांब सळी मोकळी सोडू नका. वेगात ती वाकून फटका मारते.

नियम यंत्र सुरक्षित करतील, चांगलंच आहे. पण गिऱ्हाईक जॉब परत पाठवतं तेव्हा प्रमाणपत्र विचारत नाही, मायक्रोमीटर लावतं. म्हणून लेथ घेतानाच बजेटमध्ये एक डायल आणि मॅग्नेटिक स्टँड धरा.