शेतातला बहर आणि बांधावरची फुले

शेतात पीक फुलोऱ्यावर आले की त्याचा हिशेब सुरू होतो. उतारा किती पडेल, भाव काय मिळेल, कर्ज कितपत फिटेल, याची आकडेमोड घरोघर चालते. त्याच वेळी बांधावर, ओढ्याकाठी किंवा गायरानात फुललेल्या तरवडाची वा बोरीची गणना कोणीही करीत नाही. पिकाला मालक आहे, रानफुलाला नाही. आणि ज्याला मालक नाही त्याला किंमत नाही, हा प्रचलित अर्थव्यवस्थेचा अलिखित नियम आहे. परंतु मधमाशी सातबाऱ्याचा उतारा वाचीत नाही. पीक आणि शेजारचे रान यांच्यात परागवाहक कीटकांची अखंड ये-जा चालू असते. म्हणूनच पीक फुलल्याने शेजारच्या रानाचे बरे होते की वाईट, हा प्रश्न केवळ वनस्पतिशास्त्राचा नाही. तो सामाईक संपत्तीचा, आणि म्हणून राजकारणाचाही प्रश्न आहे.

या प्रश्नाचा बारकाईने अभ्यास झाला तो युरोपात. तेथे मोहरीच्या जातकुळीतील रेपसीड या तेलबियांच्या पिकाखालील क्षेत्र झपाट्याने वाढले. त्याचे एक मोठे कारण सरकारी धोरणात होते. वाहतुकीसाठी लागणाऱ्या इंधनात २०१० पर्यंत ५.७५ टक्के वाटा जैवइंधनाचा असावा, असे उद्दिष्ट युरोपीय संघाने २००३ साली ठरविले आणि रेपसीडच्या तेलाला हुकमी बाजार मिळाला. वसंत ऋतूत मैलोन्‌मैल शिवारे पिवळी दिसू लागली. मोटारींच्या टाक्या भरण्यासाठी घेतलेल्या या निर्णयाचा रानफुलांवर काय परिणाम होईल, हा विचार त्या उद्दिष्टामागे नव्हता.

आरंभीचे निष्कर्ष दिलासा देणारे होते. जर्मनीतील ग्योटिंगेन परिसरातील संशोधकांनी २००३ साली दाखवून दिले की, ज्या भागात रेपसीड अधिक, त्या भागात बंबलबी या केसाळ रानमाश्यांची दाटीही अधिक. पीक म्हणजे जणू रानमाश्यांसाठी उघडलेले अन्नछत्रच, असा अर्थ त्यातून निघत होता. परंतु २००९ साली त्याच संशोधकांनी पुढचा हिशेब मांडला. रेपसीडच्या बहरामुळे बंबलबींच्या वसाहती सुरुवातीस जोमाने वाढल्या खऱ्या. मात्र पुढच्या वर्षीचा वंश ज्यांवर अवलंबून असतो त्या नव्या राण्यांची आणि नरांची पैदास त्यामुळे वाढली नाही. बहर तीन-चार आठवड्यांचा, आणि वसाहतीला अन्न लागते महिनोन्‌महिने. हंगामात हातांना भरपूर काम आणि हंगाम उलटल्यावर रिकामे पोट, ही स्थिती ऊसतोड कामगारांच्या महाराष्ट्राला समजावून सांगावी लागू नये.

रानफुलांच्या बाजूने पाहिले तर चित्र अधिकच गंभीर दिसते. कुरणात फुलणारे काऊस्लिप हे रानफूल रेपसीडच्या बरोबरीनेच बहरते. जर्मनीतच झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, परिसरात रेपसीडचे प्रमाण वाढत गेले तशा बंबलबी विस्तीर्ण पिवळ्या शेतांत पांगल्या, काऊस्लिपकडे येणाऱ्यांची संख्या घटली आणि त्या फुलांचे परागण कमी झाले. २०१० सालच्या दुसऱ्या एका अभ्यासाने आणखी एक गुंता दाखविला. तांबड्या क्लोव्हरचे फूल खोल नळीसारखे असते; त्याचे परागण लांब सोंडेच्या बंबलबी करतात. रेपसीडच्या उघड्या फुलांवर मात्र आखूड सोंडेच्या जाती पोसल्या जातात. अशा जाती क्लोव्हरच्या फुलाला बाजूने भोक पाडून मध पळवितात. परागणाचे काम करीत नाहीत. जेथे रेपसीड जास्त तेथे क्लोव्हरवर लांब सोंडेच्या माश्या कमी आढळल्या. म्हणजे एकाच पिकाचा बहर काहींना बलवान करतो आणि त्या बलवानांकडून दुबळ्यांच्या तोंडचा घास जातो.

बहर सरल्यानंतरही परिणाम संपत नाही. नैर्ऋत्य स्पेनमध्ये संत्र्याच्या बागा फुलतात तेव्हा पाळीव मधमाश्या त्यांत गुंतलेल्या असतात. बहर ओसरला की त्याच माश्या मोठ्या संख्येने शेजारच्या रानात शिरतात. तेथील रानमाश्यांच्या आहाराची घडी त्यामुळे विस्कटते आणि रानातील काही झुडपांच्या बीजधारणेवरही परिणाम होतो, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले.

यावरून पीक हे रानाचे शत्रू आहे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. रानात फुलांचा दुष्काळ असताना फुलणारे पीक परागवाहकांना तगवूनही धरते. मुद्दा पिकाचा नसून प्रमाणाचा आहे. किती क्षेत्र एकाच वेळी, एकाच पिकाने फुलते, बहराच्या आधी व नंतर परागवाहकांना खायला काय उरते, आणि त्यांना घरटे करायला न नांगरलेली जागा कोठे मिळते, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर सर्व काही अवलंबून आहे. शिवाय रान उजाड झाले की नुकसान रानापुरते राहत नाही. जगातील ४१ पीकपद्धतींची पाहणी करून २०१३ साली मांडलेला निष्कर्ष असा की, पाळीव मधमाश्या कितीही असोत, रानटी परागवाहक आले तर फळधारणा वाढते. पीक ज्या रानाचे परागवाहक आपल्याकडे ओढून घेते, त्या रानाच्याच भांडवलावर ते जगत असते.

अर्थशास्त्राला हा विषय नवा नाही. जेम्स मीड यांनी १९५२ साली सफरचंदाचा बागाईतदार आणि मधमाश्यापालक यांचे उदाहरण घेऊन दाखविले की, बागेमुळे माश्यांना मिळणाऱ्या मधाची किंमत बागाईतदाराला मिळत नाही. बाजार येथे अपुरा पडतो. १९७३ साली स्टीव्हन चुंग यांनी त्यास उत्तर दिले: अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात बागाईतदार आणि मधमाश्यापालक आपसांत रीतसर करार करतात, तेव्हा बाजार अपुरा पडतो हे म्हणणे खरे नाही. बाजारवाद्यांना हे उत्तर फार आवडले. परंतु या करारात पक्ष किती? पेटीचा मालक आणि बागेचा मालक. काऊस्लिप करारावर सही करू शकत नाही. जमिनीत बीळ करून राहणाऱ्या रानमाशीचा कोणी मुखत्यार नाही. चुंग यांचा करार मालकांपुरता खरा आहे. ज्यांचा मालकच नाही त्यांचा हिशेब त्यात येत नाही. हा हिशेब बाजार करणार नाही. तो समाजानेच केला पाहिजे.

महाराष्ट्राच्या शिवारात रेपसीड नाही. पण प्रश्न तोच आहे. ज्वारी, तूर, मूग, तीळ अशी मिश्र पिके जेथे होती तेथे विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन आणि कापूस यांचे सलग पट्टे पसरले. निरनिराळ्या वेळी फुलणाऱ्या पिकांची साखळी त्यामुळे तुटते. मजुरी वाचविण्यासाठी बांधावर तणनाशक मारले जाते. बोर, बाभूळ, करंज, निंब ही बांधावरची झाडे आलटून पालटून फुलतात आणि दोन पिकांच्या मधला काळ भरून काढतात. त्यांच्यावर कुऱ्हाड चालते. बांधावरच्या वाळक्या लाकडात घर कोरणारा काळा भुंगा तुरीच्या फुलावर येतो, हे शेतकऱ्याला ठाऊक आहे. पण लाकूड गेले की भुंगाही जातो. डाळिंब, कलिंगड, भोपळा, कांद्याचे बियाणे ही पिके कीटकांवाचून धड पिकत नाहीत. ज्या औषधांनी कीटक मरतात ती माणसालाही सोडीत नाहीत, हे २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना झालेल्या शेतमजुरांच्या व शेतकऱ्यांच्या मृत्यूंनी दाखविले. युरोपीय संघाने २०१८ साली तीन निओनिकोटिनॉइड कीटकनाशकांचा उघड्यावरील वापर बंद केला, तो मधमाश्यांना असलेल्या धोक्यामुळे.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. रान राखा, गायरान राखा असे म्हणणे म्हणजे गायरानावर पोट भरणाऱ्या भूमिहीनांना हुसकावणे नव्हे काय? दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९६४-६५ साली झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहाचा वारसा मानणाऱ्यांना हा प्रश्न टाळता येणार नाही. उत्तर स्पष्ट आहे. एक-दोन एकरांवर मिश्र पिके घेणाऱ्या भूमिहीनाने परागवाहकांचा घास तोडलेला नाही. तो तोडला जातो शेकडो एकरांच्या सलग एकपिकाने, बेसुमार विषाने आणि सार्वजनिक जमिनी बड्या प्रकल्पांच्या घशात घालण्याने. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जगपालसिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनींवरील बेकायदा अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला, तेव्हा भूमिहीन मजूर व अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या भाडेपट्ट्यांसारखे अपवाद मान्य केले होते. त्या निर्णयाचा बडगा गरिबावर आणि सवलत धनवंताला, असे होऊ न देणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे.

काम हाताशी आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही यांची तरतूद केली आहे. ही नोंदवही कचेरीत बसून भरण्याचा कागद न राहता, कोणते झाड कोणत्या महिन्यात फुलते, कोणती माशी त्यावर येते आणि वर्षाचा कोणता काळ फुलांवाचून जातो, याचा गावाने केलेला ताळेबंद झाला पाहिजे. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करणाऱ्या राज्यात बांध व ओढ्याकाठी देशी झाडे लावणे हे मजुरी देणारे सार्वजनिक काम ठरण्यास अडचण नसावी. डाळी आणि तेलबियांच्या मिश्र पिकांना हमीभावाने प्रत्यक्ष खरेदीचा आधार मिळाला, तर शेतकरी एकपिकाच्या सापळ्यातून बाहेर पडेल. निव्वळ उपदेशाने तो बाहेर पडणार नाही.

शेतातला बहर एकाच्या मालकीचा असतो; तो फळाला येतो मात्र सर्वांच्या मालकीच्या निसर्गामुळे. ही साधी गोष्ट ग्रामसभेत पटवून देणे आणि तिच्यावर ठराव करून घेणे, हे समाजवादी राजकारणाचे आजचे कर्तव्य आहे.