लॅपटॉपची प्रकृति व आज्ञेची ओळ

अलीकडे पालकवर्गाकडून एक तक्रार वारंवार कानीं येते. मुलगा लॅपटॉपवर एक काळी खिडकी उघडून बसतो, तींत रोमन अक्षरें टाईप करतो, आणि विचारलें असतां "बॅटरी पाहतों आहें" असें उत्तर देतो. हें कांहीं तरी चोरटें काम असावें अशा शंकेनें कित्येक घरीं ती खिडकी उघडण्यास बंदीच झाली आहे. चित्रपटांतले भामटे असल्याच खिडकीपुढें बसलेले दाखवितात, तेव्हां पालकांना नुसता दोष देऊन चालणार नाहीं. तथापि ही बंदी उठवावी, इतकेंच नव्हे तर आपला मुलगा किंवा मुलगी तेथें काय वाचते हें पालकांनीं जवळ बसून समजून घ्यावें, असें माझें स्पष्ट मत आहे.

लॅपटॉप ही आमच्या बहुतेक घरांत हप्त्यांनीं आलेली वस्तु आहे, आणि तिचा जो भाग सर्वांच्या आधीं म्हातारा होतो तो बॅटरी. लिथियम-आयन जातीची बॅटरी सोनी कंपनीनें १९९१ सालीं प्रथम बाजारांत आणिली. तिच्या मागील संशोधनाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांस २०१९ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. तिचा स्वभाव थोडक्यांत असा आहे. पूर्ण भरलेल्या स्थितींत तिच्यांतील विजेचा दाब सर्वांत अधिक असतो. त्या दाबाखालीं आंतील द्रवाचें हळूहळू विघटन होतें, आणि त्या क्रियेंत थोडें थोडें लिथियम कायमचें अडकून पडतें. उष्णतेनें हें सारें अधिक जलद घडतें. वैशाखांतल्या दुपारीं गादीवर ठेवलेला, वारा कोंडलेला, शंभर टक्के भरूनहि चार्जरची तार न काढलेला लॅपटॉप हें दृश्य कोणत्या घरीं दिसत नाहीं? त्या घरांत बॅटरी दोन वर्षांत थकली तर नवल तें काय!

आतां, ती किती थकली हें कोणास विचारावयाचें? यंत्रालाच. १९९२ सालीं इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांनीं विजेच्या कारभाराची जी पद्धति ठरविली, तींत तो कारभार मुख्यतः यंत्राच्या अंगच्या मूळ प्रोग्रामकडे असे. पुढें १९९६ च्या डिसेंबरांत तोशिबासह या कंपन्यांनीं 'एसीपीआय' नांवाची नवी पद्धति प्रसिद्ध केली, आणि कारभार ऑपरेटिंग सिस्टिमच्या हातीं आला. तिला आज्ञा देणारा मनुष्य, मग तो आठवीच्या वर्गांतला कां असेना, तेव्हांपासून त्या कारभारांत लक्ष घालूं शकतो.

लिनक्स असलेल्या यंत्रांत 'सिस' नांवाचें एक विलक्षण दप्तर आहे. त्यांतील फाईली तबकडीवर कोठेंहि लिहिलेल्या नसतात. आपण वाचावयास जातांच लिनक्सचा गाभा त्या क्षणाची स्थिति आपल्यापुढें ठेवितो. 'सिस'मध्यें 'क्लास', त्यांत 'पॉवर_सप्लाय', त्यांत 'बॅट०' असें उतरत गेलें कीं बॅटरीचें घर लागतें. (हे शब्द येथें देवनागरींत दिले असले तरी यंत्रापुढें बसल्यावर ते रोमन अक्षरांतच टाईप करावयाचे.) तेथें 'कॅट' ही वाचण्याची आज्ञा देऊन दोन फाईली पाहाव्या: 'एनर्जी_फुल_डिझाईन', म्हणजे नवेपणीं बॅटरींत मावेल म्हणून ठरविलेली ऊर्जा, आणि 'एनर्जी_फुल', म्हणजे आज मावते ती. कांहीं यंत्रांत 'एनर्जी'च्या जागीं 'चार्ज' हा शब्द आढळेल. समजा, पहिला आंकडा ५,००,००,००० व दुसरा ३,९०,००,००० निघाला; भागाकार करून पाहिला तर शेंकडा ७८. शेंकडेवारीचें याहून जिवंत उदाहरण मला तरी पाठ्यपुस्तकांत सांपडलेलें नाहीं. विंडोजवर 'पॉवरसीएफजी' या आज्ञेपुढें तिरकी रेघ व 'बॅटरीरिपोर्ट' असें लिहिलें कीं हेच दोन आंकडे, मागील वापराच्या नोंदींसह, एका अहवालांत मिळतात.

या दोन आंकड्यांची किंमत काय, तें सांगतों. गतवर्षीं आमच्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांस एका दुरुस्तीच्या दुकानांत सांगण्यांत आलें कीं, यंत्र संपलें, नवें घ्या. मुलीनें घरीं अहवाल काढला तों बॅटरीची धारणशक्ति मूळच्या तिसऱ्या हिश्शावर आलेली. बाकीचें यंत्र ठणठणीत. नवी बॅटरी बसविली, आणि तोच लॅपटॉप आज तिच्या धाकट्या भावाच्या अभ्यासास उपयोगी पडत आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० चा सर्वसाधारण आधार बंद केल्यापासून तर धडधाकट यंत्रें मोडींत काढण्याचा सल्ला पदोपदीं ऐकूं येतो. त्यांतलीं पुष्कळशीं यंत्रें लिनक्सवर अजून कांहीं वर्षें सुखानें चालतील.

यावर कोणी म्हणेल कीं, सेटिंग्जचीं रंगीत चित्रें असतां अक्षरें टाईप करण्याचा खटाटोप कशास? चित्रें सोयीचीं आहेत, मीहि तीं वापरतों. परंतु कंपनीला जें दाखवावेंसें वाटलें तेवढेंच तीं दाखवितात, आणि नव्या आवृत्तींत त्यांची जागा बदलते. आज्ञा वहींत उतरून घेतां येते, मित्रास पत्रांत कळवितां येते, आणि संगणक-वर्गांतील तीस यंत्रांवर एकाच तासांत जशीच्या तशी देतां येते. तीस यंत्रांवर तीच चित्रें दाबीत फिरलेल्या शिक्षकास हें वेगळें सांगावयास नको.

वाचण्याच्या पुढची पायरी लिहिण्याची. ज्या यंत्रांत 'चार्ज_कंट्रोल_एंड_थ्रेशोल्ड' नांवाची फाईल असेल, तींत ८० हा आंकडा लिहिला असतां बॅटरी ८० टक्क्यांवर भरणें थांबते. तसेंच 'बॅकलाइट'च्या दप्तरांत पडद्याच्या उजेडाचा आंकडा असतो. पडदा हा वीज खाणारा मोठा भागीदार असल्यामुळें तेथील काटकसर लगेच दिसून येते. वाचण्यास बहुधा कोणाची परवानगी लागत नाहीं. लिहिण्यास मात्र 'सुडो' हा शब्द जोडून संकेतशब्द द्यावा लागतो. ही व्यवस्था मला फार शहाणपणाची वाटते. पालकांनीं संकेतशब्द आपल्यापाशीं ठेवावा आणि वाचण्याची मोकळीक द्यावी, म्हणजे बंदीचें कारणच उरत नाहीं. शिवाय या दप्तरांत केलेले बरेचसे बदल यंत्र बंद करून पुन्हां सुरू करतांच पुसले जातात. ते टिकावे अशी इच्छा असल्यास 'टीएलपी' सारखा प्रोग्राम योजावा लागतो.

विद्यार्थ्यांनो, तुमच्या उत्साहासहि थोडा लगाम हवा. 'पॉवरटॉप' या प्रोग्राममध्यें सर्व सुधारणा एकदम करण्याची एक आज्ञा आहे; ती दिल्यावर वीज वांचते खरी, पण कांहीं यंत्रांत जोडलेला माऊसच मधून मधून झोंपी जातो, आणि मग चूक कोठें झाली तें सांपडत नाहीं. एका वेळीं एकच बदल करावा, व पूर्वीचा आंकडा आधीं वहींत टिपून ठेवावा. परक्यानें दिलेली 'सुडो'ची ओळ तिचा अर्थ कळल्यावांचून कधींहि देऊं नये; तींत यंत्रांतील सर्व कांहीं पुसून टाकण्याची शक्ति असूं शकते. आणि ८० टक्क्यांचा नियमहि आंधळेपणानें पाळावयाचा नाहीं. ज्या गांवीं दुपारीं चार तास वीज नसते, तेथें ती जाण्यापूर्वीं बॅटरी पूर्ण भरून घेणेंच बरें. बॅटरी अभ्यासाकरितां आहे, अभ्यास बॅटरीकरितां नव्हे.

पालकांस माझी विनंति एवढीच कीं, आज सायंकाळीं मुलांकडून ते दोन आंकडे मोठ्यानें वाचवून घ्यावे आणि एका कागदावर लिहून लॅपटॉपच्या पिशवींत ठेवावे. कागदावर तारीख अवश्य घालावी. सहा महिन्यांनीं येणारा आंकडा त्याच्याशींच ताडून पाहावयाचा आहे.