सही धारपांचीच आहे कशावरून?

‘धारपांची सही असलेली पहिली आवृत्ती, एकच प्रत!’ असा मेसेज ग्रुपवर आला तर लगेच पैसे पाठवू नका. आधी तारखा बघा. नारायण धारप 2008 मध्ये गेले, रत्नाकर मतकरी मे 2020 मध्ये. नवी सही आता येणार नाही, मागणीचं मात्र उलट आहे. ‘तुंबाड’ 2024 मध्ये पुन्हा थिएटरात लागला आणि जोरात चालला. सिनेमातल्या आजीचं मूळ धारपांच्या कथेत आणि तुंबाड गाव आपल्याच जिल्ह्यात, खेड तालुक्यात. शिवाय ऑगस्ट 2025 मध्ये धारपांच्या जन्माला शंभर वर्षं झाली. खोट्या सह्यांना यापेक्षा चांगला सीझन कुठला?

पहिली आवृत्ती ओळखायची तर शीर्षकपानाच्या मागचं पान वाचा. तिथे ‘पहिली आवृत्ती’ छापलंय एवढ्यावर जाऊ नका, नवा प्रकाशक स्वतःच्या पहिल्या छपाईलाही तेच म्हणतो. प्रकाशक, साल, किंमत तिन्ही जुळायला हवं. 2008 नंतर छापलेल्या प्रतीवर धारपांची सही असेल तर काय समजायचं ते समजा!

जुनी प्रत फारच कोरी दिसली तरी मला शंका येते. ही पुस्तकं लोकांनी लायब्ररीतून वाचली. त्यामुळे शिक्के, जाड बाइंडिंग, मुखपृष्ठ गायब. त्यात आपला पावसाळा, बुरशी आणि कसर.

सहीचं पान उजेडात तिरकं धरा. बॉलपेनने कागद किंचित दबतो, छापलेल्या सहीत भिंगाखाली ठिपके दिसतात. विकणाऱ्यानेच दिलेल्या सर्टिफिकेटला अर्थ नाही. प्रत मुळात कोणाची, सही कधी घेतली, हे विचारा. संग्राहकांना नुसती सही आवडते, पण ‘अमुक यांस सप्रेम’ असं नाव घालून केलेली सही मला जास्त भरवशाची वाटते, कारण त्या माणसाचा माग काढता येतो.

‘लुचाई’ ज्यावर बेतली, त्या स्टीफन किंगच्या ‘सालेम्स लॉट’चं (1975) बघा. सुरुवातीच्या वेष्टनावर किंमत 8.95 डॉलर होती आणि फादर कॅलहनऐवजी चुकून फादर कोडी छापलं गेलं. किंमत 7.95 झाली, नावही नंतर सुधारलं. यातलं कुठलं वेष्टन आहे त्यावर प्रतीचा भाव ठरतो, कारण हे सगळं कोणीतरी नोंदवून ठेवलंय.

आपल्याकडे ही सुरुवात लायब्ररीतून होऊ शकते. रत्नागिरी नगर वाचनालय तर 1828 चं. अशा जुन्या वाचनालयांत लेखकांच्या सह्यांच्या प्रती असतील, तर त्यांचे फोटो आणि तारखा एका वहीत आल्या तरी पडताळायला नमुना मिळेल. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी विषय शोधताय ना? आणि घरी आजोबांच्या कपाटात सहीची प्रत सापडली तर लॅमिनेट करू नका. ती कोणी, कधी घेतली ते त्यांना आजच विचारून चिठ्ठीवर लिहून ठेवा.