शंभर दिवस झाले, म्हणजे झालं नाही

इतवारीकरांनो, पोळा तोंडावर आलाय. दुसऱ्या दिवशी काळी-पिवळी मारबत निघेल आणि आपल्या रस्त्यांवर पाय ठेवायला जागा उरणार नाही. ज्यांच्या घरी बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालेलं वयस्क माणूस आहे, त्यांनी त्याआधी हे वाचावं.

घरोघरी एकच हिशोब चालतो: काउंट आले, १०० दिवस झाले, आता काकाजींना गादीवर बसू द्या. साठीच्या माणसाला हा हिशोब लागू नाही. दोन-चार आठवड्यांत रिपोर्टात वाढलेल्या दिसतात त्या पहिल्या फळीच्या पांढऱ्या पेशी. विषाणू ओळखून मारणाऱ्या टी-पेशी मात्र छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत तयार होतात, आणि ही ग्रंथी वयाबरोबर आक्रसत जाते. उतारवयात तिथे बहुतेक चरबीच उरते. म्हणून लहान मूल लवकर सावरतं, मोठ्यांना दोन वर्षं किंवा त्याहूनही जास्त लागू शकतात. पेशी स्वतःच्या नसून दात्याच्या असतील तर आणखी उशीर.

तेव्हा डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय त्यांना मस्कासाथच्या किंवा धान्यबाजाराच्या पेढीवर नेऊ नका. ओलसर पोती, धान्याची धूळ, पाडकामाचा गर्दा यांत बुरशीचे बीजाणू असतात. आपल्याला शिंक येईल, त्यांना जिवावरचा न्यूमोनिया होऊ शकतो. सर्दी झालेल्या पाहुण्याला दारातूनच परत पाठवा. रुसला तर रुसू द्या. घरच्यांनी फ्लूची लस घ्या. घरात तान्हं बाळ असेल तर पोलिओच्या थेंबांबद्दल डॉक्टरांना आधी विचारा, कारण थेंबांतला जिवंत विषाणू बाळाच्या शीतून बाहेर पडतो. लस परस्पर बंद मात्र करू नका. ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका, रात्रीच दवाखाना गाठा.

आणि किराणा ओळीतल्या, सराफ्यातल्या तरुणांनो, वय दात्याचंही पाहिलं जातं. डॉक्टर शक्यतो तरुणच शोधतात. सख्ख्या भावंडाशी जुळण्याची शक्यता चारात एक. जरीपटक्यातल्या थॅलेसेमियाच्या, विदर्भभरच्या सिकलसेलच्या कित्येक मुलांना घरात दाता मिळत नाही. अठरा पूर्ण असतील तर ‘दात्री’सारख्या दात्यांच्या नोंदणीत नाव द्या, गालाच्या आतून बोळा फिरवला की नमुना झाला. पण जुळल्याचा फोन आल्यावर घरच्यांच्या भीतीपोटी माघार घेणार असाल, तर नाव देऊच नका. ऐनवेळी तुम्ही नाही म्हणता, तेव्हा तिकडे रुग्णाचा स्वतःचा मॅरो औषधांनी आधीच नष्ट केलेला असू शकतो.